छाटलेल्या डहाळीचें ऋण

मनुष्यानें काय मिळवावें आणि कसें मिळवावें, या प्रश्नाचा ऊहापोह नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ झालेला आहे. मिळविलेल्या वस्तूचा उपभोग कसा घ्यावा, याविषयींहि उपदेशाची वाण नाहीं. परंतु उपभोगानंतर जें उरतें त्याचें काय करावें, हा प्रश्न मात्र तत्त्वचिंतकांनीं बहुधा गृहिणीवर, माळ्यावर किंवा रस्ता झाडणाऱ्यावर सोपविलेला दिसतो. प्रस्तुत लेखांत आम्ही हा प्रश्न एका अगदीं क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावरून तपासून पाहणार आहों. तें उदाहरण म्हणजे बागेच्या कुंपणासाठीं लावलेल्या सूचिपर्णी झाडांची छाटणी केल्यावर खालीं पडणारा हिरवा, राळेच्या वासाचा पाला. कोणी वाचक म्हणेल कीं, हा विषय शेतकीच्या मासिकाचा आहे. तो त्या मासिकाचा आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो तेथें सहसा कोणी विचारीत नाहीं.

आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकाशीं दिसणारी मोरपंखी याच सूचिपर्णी वर्गांतली. पण आपण ती मुख्यतः शोभेसाठीं लावतों; तिची भिंत करून घर झांकण्याची चाल आपल्याकडे थोडी. इंग्लंडांत मात्र अशा झाडांचें कुंपण घरोघर आढळतें, आणि त्यानें शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतके तंटे माजविले कीं अखेर पार्लमेंटला त्यासाठीं कायदा करावा लागला. म्हणून आमचें उदाहरण आम्ही तेथूनच घेतों.

या कुंपणांच्या झाडांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लेलँड सायप्रस. त्याची जन्मकथा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याच्या आईबापांपैकीं मोंटेरे सायप्रस हा कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठच्या एका लहानशा पट्ट्यांतला, तर नूटका सायप्रस उत्तरेकडे अलास्कापर्यंत पसरलेल्या थंड किनाऱ्यावरचा. रानांत त्यांची गांठ पडत नाहीं. वेल्समधील लेटन हॉल येथील उद्यानांत मनुष्यानें त्यांना शेजारीं आणून लावलें, आणि १८८८ सालीं तेथल्या बियांतून संकर रोपें निघालीं. क्रिस्टोफर लेलँड यानें तीं नॉर्थंबरलंडमध्यें हॅगर्स्टन येथें नेऊन वाढविलीं, आणि त्याचेंच नांव झाडाला मिळालें. हें झाड बियांपासून करीत नाहींत. त्याची डहाळी कापून ती रुजवावी लागते. म्हणजे आज ज्याला लेलँडचें कुंपण म्हणतात, तें मुळांत कोणा जुन्या झाडाची छाटलेली डहाळीच आहे.

हें झाड वर्षाला सुमारें एक मीटर वाढतें आणि मोकळें सोडल्यास शंभर फुटांच्याहि वर जातें. शिवाय त्याच्या जुन्या, करड्या पडलेल्या लांकडांतून पुन्हां कोंब फुटत नाहींत. चार वर्षें हयगय करून पांचव्या वर्षीं खोल छाटणी करावी, तर कुंपणाला कायमचें भगदाड पडतें. त्यामुळें हें कुंपण ज्याला हवें त्यानें तें दरसाल, केव्हां केव्हां वर्षांतून दोनदां, छाटलेंच पाहिजे. ज्यांनीं छाटलें नाहीं त्यांच्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांत अंधार झाला. अशा तंट्यांसाठीं समाजविघातक वर्तनाविषयींच्या २००३ च्या कायद्यांत एक स्वतंत्र भाग घालण्यांत आला, आणि इंग्लंडांत त्याचा अंमल २००५ सालीं सुरू झाला. दोन मीटरहून उंच अशा सदाहरित कुंपणामुळें शेजाऱ्याला उपद्रव होत असेल, तर स्थानिक संस्था तें उतरविण्याचा हुकूम देऊं शकते. मात्र दोन मीटरच्या खालीं तें आणण्याचा किंवा मुळासकट काढण्याचा हुकूम तिला देतां येत नाहीं. कुंपणवाल्याचा एकांत आणि शेजाऱ्याचा उजेड यांत कायद्यानें अशी तडजोड केली आहे. परंतु हुकुमाप्रमाणें छाटून जो ढीग पडला त्याचें पुढें काय, हें त्या तडजोडींत येत नाहीं. आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

कुंपणवाल्याला काय हवें होतें? रस्त्यावरून जाणाऱ्याची दृष्टि आपल्या अंगणांत पडूं नये, एवढेंच. ही इच्छा निंद्य नव्हे. परंतु तिची किंमत पहिल्याच दिवशीं ठरलेली असते. जो हें झाड लावतो त्याला तें किती वाढेल, किती वेळां कापावें लागेल आणि कापल्यावर केवढा ढीग पडेल, हें आधींच कळूं शकतें. तेव्हां तो ढीग ही आकस्मिक आपत्ति नव्हे. तो त्या एकांताच्याच हिशेबांतील खर्चाचा रकाना आहे. उपभोग आपला आणि खर्च दुसऱ्याचा, या व्यवहाराला बाजारांत जें नांव आहे तेंच बागेंतहि लागू व्हावें.

इंग्लंडांतच १६८९ सालीं जॉन लॉकचा राज्यव्यवस्थेवरील दुसरा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील मालमत्तेच्या प्रकरणांत त्यानें असें प्रतिपादिलें आहे कीं, निसर्गांतून मनुष्य आपल्या श्रमानें जें घेतो तें त्याचें. परंतु नासून जाण्यापूर्वीं जेवढें उपयोगांत आणतां येईल तेवढेंच. त्यापुढें जें घेतलें तो इतरांचा वांटा. हा विचार मोठा आहे, आणि तो विद्यार्थ्यांना समजावून देतांना आम्हांस नेहमीं आनंद होतो. तरी लॉकची मर्यादा घेणाऱ्या हातावर आहे. सोडणाऱ्या हाताची चिकित्सा तेथें नाहीं. शिवाय त्याला नासणें हा निव्वळ तोटा वाटला. बागेंत मात्र कुजणें हीच पाल्याची सफलता आहे. आपल्याकडे देव, ऋषि आणि पितर यांचीं ऋणें घेऊन मनुष्य जन्मतो अशी कल्पना आहे. ज्या मातींतून आपण घेतों तिचें ऋण या तिहींत वेगळें मोजलेलें नाहीं. मोजलें असतें तर तें फेडण्याचें साधन ह्या कुजण्यांतच सांपडलें असतें.

ढीग नाहींसा करण्याचे तीन मार्ग लोक पत्करतात. पहिला जाळण्याचा. ओल्या सूचिपर्णी पाल्याचा धूर दाट आणि तिखट असतो, आणि तो कुंपण ओळखीत नाहीं. ज्यानें शेजाऱ्याची दृष्टि अडविण्यासाठीं झाडें लावलीं, तोच त्या झाडांचा धूर शेजाऱ्याच्या घरांत सोडतो. हा उपद्रव वारंवार झाल्यास १९९० च्या पर्यावरण-संरक्षणाच्या कायद्यानें त्याला आळा घालतां येतो. पण एकदोनदां झालेला धूर शेजारी मुकाट्यानें सोसतो, आणि कुंपणवाला त्यालाच संमति समजतो.

दुसरा मार्ग पलीकडे फेंकून देण्याचा. कुंपणाच्या मागें गायरान किंवा मोकळें शेत असलें म्हणजे हा मार्ग फार सोपा. सूचिपर्णी झाडांतच यू नांवाचा एक वृक्ष आहे. इंग्लंडांत जुन्या वाड्यांभोंवतीं आणि चर्चच्या आवारांत तो शतकानुशतकें लावला जातो. त्याच्या फळाभोंवतींचा तांबडा गर सोडला तर त्याचे सर्व भाग विषारी असतात, आणि पाला सुकला तरी विष जात नाहीं. यूची छाटणी बांधापलीकडे टाकली गेल्यामुळें गुरें आणि घोडे मेल्याच्या घटना तेथील पशुवैद्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत. फेंकणाऱ्याच्या मनांत हत्येचा विचार नव्हता. किंबहुना कोणताच विचार नव्हता. 'टाकणें' या क्रियापदाला 'कोठें' असा प्रश्न आपण विचारीत नाहीं, त्याची ही किंमत त्या जनावरांनीं दिली.

तिसरा मार्ग स्थानिक संस्थेच्या गाडीचा. पुष्कळ ठिकाणीं वर्षाची वेगळी वर्गणी घेऊन बागेंतील पाला नेला जातो आणि मोठमोठ्या ढिगांत कुजविला जातो. या मार्गाला आम्ही दोष देत नाहीं. किंमत ज्याची त्यानेंच पैशाच्या रूपानें भरली. आणि घरच्या ढिगांत सहसा न चढणारी उष्णता त्या मोठ्या ढिगांत चढते, हेंहि खरें. परंतु तोच गृहस्थ वसंत येतांच पिशवीबंद खतमाती विकत आणतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या पिशवींत मुख्यतः पीट असे, म्हणजे दलदलींत अर्धवट कुजून सांचलेलें शेवाळ. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर सांचतें. एक मीटर थराला हजार वर्षें लागतात. ज्याला आपल्या पाल्यासाठीं दोन वर्षें थांबवत नव्हतें, त्यानें कुंड्या भरण्यासाठीं हजार वर्षांची ठेव उकरून आणली. उतावळेपणा फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत येथें दिसली नाहीं, तर ती दुसरीकडे कोठें तरी कोणीतरी भरलेली असते.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो तो असा: गवत, भाजीचे देंठ, कोंवळी पानें यांचें खत होतें हें मान्य, परंतु सूचिपर्णी झाडानें आपणहूनच खत होण्याचें नाकारलें आहे. त्याचीं पानें मेणचट, त्याच्यांत राळ, त्याच्या काड्यांत लिग्निनचा भरणा. नुसताच रचून ठेवला तर तो पाला वर्षभरानंतरहि ओळखूं येतो. हें सर्व खरें आहे. पण त्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो कीं तो उशिरां कुजतो, आणि एकटा असतांना फारच उशिरां कुजतो. उपाय त्याच बागेंत आहे. हिरवळीवरचें कापलेलें गवत एकटें ढिगांत घातलें तर त्याचा चिकट, दुर्गंधी लगदा होतो. त्यांत नत्र आणि पाणी भरपूर, पण हवेला वाट नाहीं. सायप्रसच्या काड्यांत कर्ब भरपूर आणि हवेला वाटहि आहे, पण नत्र आणि ओलावा कमी. काड्यांचे बारीक तुकडे करून गवताशीं मिसळावे, ढीग ओलसर राखावा, अधूनमधून दाताळ्यानें वरखालीं करावा, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणानें भरून निघतो आणि ढीग तापूं लागतो. तुकडे न करतां वेगळा रचला तर दोनतीन वर्षें लागतात; पण तोहि अखेर मातीसारखा काळा होतो. या पाल्यानें जमीन कायमची आंबट होते अशी समजूत आहे. परंतु पुरतें कुजलेलें खत फारसें आंबट राहत नाहीं. चार्ल्स डार्विननें १८८१ सालीं गांडुळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाइनच्या जोडसुया गांडुळें बिळांत ओढून नेतात तीं बहुधा नेहमीं जोडाच्या टोंकाकडून, असें त्यानें त्यांत नोंदविलें आहे. दुसऱ्या टोंकानें ओढल्यास सुया फांकून बिळाच्या तोंडाशीं अडकतील. टणक वस्तु कोणत्या बाजूनें धरावी, हा विवेक डोळे नसलेल्या प्राण्याला साधला आहे.

टणक वस्तूंच्या या शास्त्राचा एक मोठा अध्याय आपल्या परिचयाच्या भूमींत लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यानें त्या वेळच्या होळकर संस्थानांत इंदूर येथें काम केलें. यशवंत वाड हे तेथें त्याचे रसायनशास्त्रांतील सहकारी होते. शेतींतील टाकाऊ पदार्थ आणि त्यांपासून होणारें ह्यूमस यांवर दोघांनीं मिळून लिहिलेला ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील रीत 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर गेली. पालापाचोळा, शेण, गुरांच्या मुताची माती आणि राख यांचे थर रचून ते ठराविक वेळीं उलथावे, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत होतें, असा तिचा सारांश. त्या कामांत इंदूरच्या मंडळींपुढें सायप्रससारखीच अडचण होती. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या सहजासहजीं कुजेनात. त्यांनीं त्या शेतांतल्या गाडीवाटेवर पसरल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखालीं त्या चिरडल्या गेल्यावर मग ढिगांत घातल्या. पुढें हॉवर्डच्या लेखनांतून ही रीत इंग्लंडांतील बागांतहि पोंचली. आज तेथें कोणी कुंपणाच्या काड्या यंत्रांत घालून बारीक करतो, तेव्हां तो इंदूरच्या गाडीवाटेवरील चाकांचेंच काम करीत असतो.

मातीला परत द्यावयाचें म्हटलें तरी देण्याचीहि एक रीत असते. ताजे तुकडे उत्साहाच्या भरांत लगेच जमिनींत खणून गाडले, तर सूक्ष्मजंतु ते कुजविण्यासाठीं लागणारें नत्र मातींतूनच उचलतात, आणि त्या वाफ्यांतील रोपें पिवळीं पडतात. म्हणजे परतफेड करावयास गेलेला मनुष्य सावकाराकडूनच आणखी उसनें घेऊन येतो. तेच तुकडे मातीवर दोनतीन इंच जाडीचें आच्छादन म्हणून, झाडांच्या बुंध्यांपासून थोडे दूर, पसरले तर ही उसनवारी फारशी होत नाहीं. ओल टिकते, तण कमी होतें, आणि खालचा थर सावकाश मातींत मिळतो. बागेंतील पायवाटांवरहि ते चांगले बसतात. कर्तव्य करावयाचें पण तें आजच संपवून मोकळें व्हावयाचें, ही वृत्ति टाकून देण्याच्या वृत्तीचीच धाकटी बहीण आहे. दोहींनाहि थांबण्याचा कंटाळा असतो.

येथें कोणी कोंकणांतील राबाचें उदाहरण पुढें करील. भाताच्या रोपासाठीं झाडांचे टाहाळे, पाला, गवत, शेण आणि माती यांचे थर रचून आपले शेतकरी ते जागच्या जागीं जाळीत आले आहेत, आणि त्या भाजलेल्या जमिनींत बीं पेरीत आले आहेत. मग इंग्लंडांतल्या गृहस्थानें कुंपण जाळलें तर बिघडलें कुठें? शेतीच्या आणि रानाच्या दृष्टीनें राब कितपत योग्य, हा वेगळा वाद आहे. नीतीच्या दृष्टीनें मात्र दोन्ही जाळण्यांत अंतर आहे. राब भाजणारा पेरण्यासाठीं जाळतो; धूर त्याच्याच डोळ्यांत जातो आणि राख त्याच्याच वाफ्यांत राहते. कुंपणवाला वस्तु दृष्टीआड करण्यासाठीं जाळतो. अग्नि तोच, पण एकाच्या कृतींत जबाबदारी पुढें चालते, दुसऱ्याच्या कृतींत ती तेथें संपविली जाते.

आतां या चर्चेंतील सर्वांत अवघड भागाकडे वळूं. वर ज्या यूचें विष सांगितलें, त्याच वृक्षकुळाची दुसरी कथा आहे. १९६२ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या रानांतून पॅसिफिक यूची साल तपासणीसाठीं गोळा करण्यांत आली. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबार येथें जन्मलेले मनसुख वाणी यांनीं तींतून टॅक्सॉल हें द्रव्य वेगळें केलें, आणि १९७१ सालीं त्याची रचना प्रसिद्ध झाली. १९९२ सालीं अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्याला अमेरिकेंत मान्यता मिळाली. परंतु साल काढली कीं झाड मरतें, आणि औषध तर पुष्कळ हवें. फ्रान्समधील पिएर पोतिये आणि त्यांचे सहकारी यांनीं युरोपांतील यूच्या पानांतून असा पदार्थ काढला कीं, त्यापासून त्या जातीचीं औषधें तयार करतां येतात. पानें छाटलीं तरी झाड जगतें. मग इंग्लंडांतील जुन्या बागांतून यूच्या कुंपणांची छाटणी गोळा होऊन औषधासाठीं जाऊं लागली.

ही कथा ऐकल्यावर म्हणावेंसें वाटतें कीं, पाहा, जगांत टाकाऊ असें कांहींच नाहीं. आज जें निरुपयोगी तें उद्यां अमृत ठरेल, म्हणून कांहीं टाकूं नये. हा युक्तिवाद गोड आहे. पण आम्हांस तो पुरेसा वाटत नाहीं. त्यानें सगळा भार उपयोगावर टाकला. लेलँड सायप्रसच्या पाल्यांतून असें कोणतेंहि औषध निघालेलें नाहीं. मग त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य कमी झालें काय? उपयोग सांपडला तर आनंदच आहे. पण कर्तव्याचा उगम उपयोगांत नसून आपण कापलें या गोष्टींत आहे. हात आपला, कात्री आपली, आणि ज्या एकांतासाठीं कापलें तोहि आपला. ती डहाळी पुन्हां माती होईपर्यंत, किंवा जाणत्या हातीं सोंपविली जाईपर्यंत, ती आपली आहे.

याचा अर्थ प्रत्येक काडी जपून ठेवावी असा नव्हे. रोग पडलेलें लांकूड ढिगांत घातलें तर तो बागभर पसरण्याचें भय असतें. तें वेगळें काढून त्याची योग्य वासलात लावणें हेंहि जबाबदारींतच मोडतें. यूचा पाला कुजवावयाचा तर जनावरांच्या तोंडीं लागणार नाहीं अशा जागीं कुजवावा. आणि ज्याला ढिगासाठीं कोंपरा नाहीं, दाताळें चालविण्याची शक्ति नाहीं, गाडीची वर्गणीहि परवडत नाहीं, त्यानें हें कुंपण लावण्यापूर्वींच हिशेब करावा. थोडें हळू वाढणारें, थोडें ठेंगणें कांहीं लावावें. आपण काय पेरतों याचा विचार करतांना आपण काय कापूं, आणि कापलेलें कोठें ठेवूं, हाहि विचार करावा, एवढेंच आमचें सांगणें.

दोन वर्षें हा काळ मोठा नाहीं. पण तेवढ्या काळांत त्या ढिगाकडे कोणी पाहुणा कौतुकानें पाहत नाहीं. त्याला फुलें येत नाहींत. त्याची स्तुति होत नाहीं. कुंपणाची बाहेरची बाजू सगळ्यांना दिसते, ढीग मात्र मागच्या कोंपऱ्यांत असतो. गृहस्थाच्या नीतीची परीक्षा करावयाची झाल्यास आम्ही कुंपणाच्या सरळ रेषेपेक्षां त्या कोंपऱ्याकडे आधीं पाहूं.